आबांचे टाळ

आबांच्या टाळांचा आवाज एकसारखा नव्हता. एक किंचित चढा, दुसरा किंचित उतरता. आळंदीच्या दुकानात तासभर बसून, एकेक टाळ नखाने वाजवून त्यांनी ही जोडी मुद्दाम अशी निवडली होती. दोन्ही अगदी सारखे असले तर आवाज बसका होतो, थोडा फरक असला की कडेवर कड पडल्यावर आवाजात लहर उठते, असं ते सांगत. काशाचे, चांगले जड. मधल्या खोलगट भागाला भोक, त्यातून ओवलेली सुती दोरी, आतल्या बाजूला तिची गाठ. वर्षानुवर्षं एकाच जागी आघात होऊन कडेला एक चकचकीत पट्टा पडला होता. बाकी टाळ चिंचेने कितीही घासले तरी तसे चमकत नसत.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवर, तरडगाव आणि फलटणच्या मधे. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, पालखी तरडगावला मुक्कामाला गेली, की आमच्या घरात झोप नसायची. पहाटे आई आणि काकू पिठल्याचं पातेलं चढवायच्या, भाकरीच्या चवडी फडक्यात बांधल्या जायच्या, आणि सकाळी आबांची दिंडी दारावरून जाताना तेवढ्यापुरती आमच्या अंगणात टेकायची. माझा धाकटा भाऊ दोन-तीन वर्षांचा असल्यापासून त्या घोळक्यात शिरायचा. विणेकऱ्यांच्या पाया पडायचा, आणि ते वाकून त्याच्या पाया पडले की गोंधळून आमच्याकडे बघायचा. म्हातारा माणूस लहान पोराच्या पाया पडतो हे फक्त वारीतच दिसतं. त्याच्यावर पहिला संस्कार झाला असेल तर तो हाच.

तो अकरा वर्षांचा असताना त्याचा घसा दुखला, ताप आला आणि गेला. मग सांधे सुजले. आज गुडघा, उद्या कोपर, परवा घोटा. वाढीच्या वयात असं होतं, असं म्हणत घरच्यांनी शेक दिला. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा कळलं की हा संधिवाताचा ताप आहे आणि तो हृदयापर्यंत पोचला आहे. घशातल्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची ताकद स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप होत नाही. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते फार दुखतं. तो इंजेक्शनच्या दिवशी लंगडत घरी यायचा आणि आईने विचारलं की म्हणायचा, "मुंगी चावली."

खेळणं बंद झालं तसे आबांनी त्याच्या हातात टाळ दिले. मैदानावर पळता येत नाही, तर भजनात बसता येतं. सुरुवातीला ते वजन त्याला पेलवायचं नाही. दोन अभंग झाले की हात मांडीवर टेकायचे. पण ठेका मात्र पहिल्यापासून पक्का. पुढे आबा गेले तेव्हा टाळ कुणाकडे जाणार हे कुणी ठरवलं नाही. तेराव्याच्या भजनात ते त्याच्या गळ्यात होते, एवढंच.

वारीतली एक रीत त्याला फार आवडायची. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती होते. पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोळा होतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाण्याचा टँकर आला नसेल, चालण्याच्या क्रमावरून काही झालं असेल, तर ती दिंडी आपले टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिथपर्यंत जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, मग ते टाळ शांत होतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ, आणि आरती. एवढ्या अफाट समाजात एका कोपऱ्यातल्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय आरती सुरू होत नाही, हे त्याला देवळातल्या कोणत्याही पूजेपेक्षा मोठं वाटायचं. त्याने ही रीत घरात आणली. बाबा आईवर चिडून जेवायला बसले, की हा ताटाशी दोन वाट्या एकमेकींवर वाजवायला लागायचा. बाबांनी डोळे वटारले तरी थांबायचा नाही. शेवटी बाबाच विचारायचे, "कुणाचं काय गाऱ्हाणं आहे?" आणि हा आईकडे बोट दाखवायचा. आई बोलून मोकळी झाली की वाट्या खाली.

2014 साली त्याची झडप बदलली. माझं लग्न होऊन मी पुण्यात होते, म्हणून ऑपरेशन पुण्यात. खर्च राजीव गांधी जीवनदायी योजनेतून झाला, नाहीतर आमचं शेत गेलं असतं. बसवलेली झडप धातूची होती, आणि धातूची झडप आवाज करते. दवाखान्यातून तो आधी माझ्याकडेच आला. रात्री घर शांत झालं की बाहेरच्या खोलीत त्याच्या अंथरुणाजवळ टिक, टिक, टिक. मला ते ऐकवेना. त्याला ते लक्षात आलं असावं. म्हणाला, "आक्के, घाबरतेस काय? आबांनी दोन टाळ दिले, डॉक्टरांनी तिसरा आत बसवला. आता माझं भजन झोपेतसुद्धा चुकत नाही."

अशी झडप असली की रक्त पातळ राहण्याची गोळी जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासून तिचं प्रमाण ठरतं, आणि पालेभाज्यांचा त्या गोळीशी उभा दावा. डॉक्टरांनी आईला समजावलं की भाजी बंद करायची नाही, पण आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही असं चालणार नाही, रोज सारखी हवी. तेव्हापासून आईने त्याच्यासाठी एक वाटी ठरवली. मेथी असो, पालक असो, शेपू असो, शिजवून तेवढीच. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने ते माप एक दिवस चुकवलं नाही. आणि त्याला ते माप ठाऊक असल्यामुळे तो कुणाच्या लग्नातसुद्धा पालेभाजीला हात लावत नसे. "आईचा हिशेब चुकेल," म्हणायचा.

तो गावच्या डेअरीत दूध संकलनावर होता. फॅट मोजायची, वहीत लिहायचं. कार्तिकात काकडा सुरू झाला की चारला उठून देवळात, टाळ गळ्यात अडकवूनच तिथून डेअरीत, कारण घरी जाऊन यायला वेळ नसे. गळ्यात तुळशीची माळ होती, एकादशी होती, संध्याकाळी हरिपाठ होता, पण मोठ्याने धर्म बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. एखाद्या म्हाताऱ्याचं दूध दोन दिवस आलं नाही तर डेअरी बंद करून हा सायकलवर त्याच्या वस्तीवर जाणार. माझ्या मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला एसटीने पुण्याला येणार, येताना घरच्या शेवग्याच्या शेंगा कागदात गुंडाळून आणणार, रात्री मुक्काम करणार नाही, कारण पहाटे दूध.

पूर्ण वारी चालायची डॉक्टरांची परवानगी नव्हती. मग तो शेवटची मजल चालायचा, वाखरी ते पंढरपूर. टाळ हातात, दिंडीत आपल्या जागेवर. दर्शनाच्या रांगेत कधी उभा राहिला नाही. कळसाला हात जोडायचा, चंद्रभागेचं पाणी डोळ्यांना लावायचा, आईसाठी कुंकू, बाबांसाठी बुक्का आणि सगळ्या गल्लीसाठी चुरमुरे घेऊन एसटी स्टँड गाठायचा. "देव भेटला का?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "भेटला. म्हणाला, घरी जा, वाट बघत असतील."

मला वाटतं हा पंथ त्याला नीट कळला होता. वारकऱ्यांचे संत एकेकटे येत नाहीत, घरंच्या घरं येतात. चोखोबांबरोबर सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, सगळ्यांच्या नावावर अभंग. नामदेवांच्या घरात आई गोणाई, बायको राजाई आणि त्याच घरात वाढलेली जनाबाई. सावता माळी तर मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी कथा. आणि आळंदीची भावंडं जन्मली ती मुळात संन्यास सोडून घरी परतलेल्या बापाच्या पोटी. घरी परतल्याची शिक्षा म्हणून वाळीत टाकलेलं ते घर. माझ्या भावाची भक्ती त्या घराच्या बाजूची होती.

2019च्या मार्गशीर्षात झडपेवर गुठळी धरली आणि ती मेंदूकडे गेली. पहाटे डेअरीतच. सव्वीस वर्षांचा होता. लोक भेटायला आले आणि म्हणाले, पुण्यवान जीव, माउलींनी बोलावून घेतलं. बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती हे मला ठाऊक आहे. तरी ते मी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. त्याला कुठेही जायचं नव्हतं. आदल्या रात्री त्याने फोन करून माझ्या मुलीच्या सायकलचं चाक कितीचं आहे ते विचारलं होतं.

त्या दिवसांत मला आधार झाला तो निवृत्तिनाथांचा. ज्ञानेश्वरांनी 1296 साली, एकविशीत, समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत त्या दिवसाचं वर्णन आहे, आणि त्यात मोठा भाऊ रडतो. गुरू तोच, ज्ञान देणारा तोच, आणि धाकट्याला हाताला धरून आत नेताना कोसळतोही तोच. पुढच्या काही महिन्यांतच सासवडला सोपान, तापीकाठी मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरला तो स्वतः, सगळेच गेले. ज्या परंपरेने निवृत्तिनाथांचं रडणं झाकलं नाही, उलट सातशे वर्षं कीर्तनातून गात ठेवलं, त्या परंपरेत मला माझ्या भावासाठी रडायला जागा होती. त्यानंतर मला कुणाच्या समजुतीची गरज लागली नाही.

2020 साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2021 सालीही पायी वारी निघाली नाही. आमच्या दारावरचा रस्ता दोन आषाढ मोकळा. आईने टाळ ट्रंकेत ठेवले होते, लुगड्यात गुंडाळून. 2022 साली पालखी पुन्हा आली, दिंडी अंगणात टेकली, आणि विणेकरी आईजवळ बसून म्हणाले, "मावशी, टाळ वाजता असावा. पेटीतला टाळ म्हणजे नुसतं कासं." आई काहीच बोलली नाही. पिठलं वाढून झालं, पंगत उठली, विणेकऱ्यांनी विणा उचलला, तेव्हा ती आत गेली आणि टाळ आणून तिने माझ्या मुलीच्या गळ्यात घातले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी तेव्हा नववीत होती आणि तिने भजनात कधी टाळ धरला नव्हता. ती फलटणपर्यंत चालली. ठेका चुकत होता, शेजारच्या बाया तिला पावलं दाखवत होत्या. मी मागून पाण्याची बाटली घेऊन चालत होते आणि मामाचे टाळ भाचीच्या हातात अडखळताना ऐकून मला त्या वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं.

आता ती आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात आज्यांच्या रांगेत बसते, आणि त्या तिला तिच्या ठेक्यावरून बोलत नाहीत. यंदा वाखरीपासून चालायचं म्हणते. आईने फलटणच्या बाजारातून दोरीसाठी नवं सूत आणलं आहे आणि मला फोनवर बजावलं आहे की पोरीचं परतीचं एसटीचं तिकीट ती स्वतः काढणार.