डाव्या हाताची हाव

मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि माझा डावा हात उघडा पडला. जुन्या सभामंडपावर कवेलू होते, खाली सारवलेली भुई. थापेचा घुमारा फटींतून निघून जायचा. आता वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना टाइल्स. कार्तिकी एकादशीच्या जागराला तिथं पहिल्यांदा मृदंग घेऊन बसलो, तेव्हा मागचा ‘धा’ भिंतींतून फिरतच होता आणि पुढचा हातातून सुटला होता.

मृदंगाच्या उजव्या, शाईच्या बाजूची मला कधीच धास्ती वाटली नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की शाईच्या लेपामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुरात येतात. म्हणजे चामड्याची पुडी करणाऱ्या कारागिरानं तिथलं निम्मं काम आधीच केलेलं असतं. डाव्या पुडीला मात्र दरवेळी नव्यानं कणीक लावायची आणि वाजवणं संपलं की खरवडून काढायची. सैल मळली तर ओघळते, घट्ट राहिली तर पहाटेपर्यंत भेगाळते.

नव्या मंडपात कणीक वाढवली, की आवाज खाली उतरतो आणि घुमत राहतो. कमी केली, की डावा चढतो, डग्ग्यासारखा हलका लागतो आणि संथ चालीच्या अभंगाला आधार उरत नाही. त्यात दिवेलागणीला रिकाम्या मंडपात जुळवलेलं रात्री दहाला माणसं भरली की खोटं ठरतं. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं १८९५ नंतर एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातल्या गाद्या नेऊन घुमारा किती वेळात विरतो ते मोजलं. माणसंही आवाज शोषतात, त्याचाही त्यानं हिशेब मांडला. आमच्याकडं शाली, स्वेटर, चादरी घेऊन मंडळी दाटीनं बसतात. पण त्या कापडात टाळांची किणकिण जिरते, डाव्याची घरघर फारशी जिरत नाही. गर्दी जमली, की टाळ मऊ पडतात आणि डावा एकटाच पुढे येतो. मग पहाटे बायाबापड्या काकड्याच्या तयारीला उठतात, मंडप मोकळा होतो आणि टाळ पुन्हा कानात टोचू लागतात.

माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा त्या रात्री शेजारी बसला होता. दोन अभंगांच्या मधे हळूच म्हणाला, “काका, डावा थांबवा न. शब्द दबून राह्यले.” मग मृदंग त्याच्याकडं दिला. त्यानं कणकेला हात लावला नाही. थाप दिली, की तळव्याची टाच लगेच पुडीवर टेकवायची आणि घुमारा तिथंच अडवायचा, एवढंच केलं. चालीचं एकेक अक्षर सुटं ऐकू आलं. मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला ते रुचलं नाही.

कारण माझं सगळं नाव त्या घुमाऱ्यावर उभं आहे. अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेज होती त्या काळात, रात्री जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलेला माणूस माझा डावा ओळखायचा, असं लोक सांगत. ते ऐकून मी सुखावत असे आणि आणखी जोरात मारत असे. अभंग तुकोबांचा आणि लोकांनी ऐकावा माझा हात, ही हाव माझ्यात होती. अजूनही आहे.

हीच हाव मला आजच्या कीर्तनांत जागोजागी दिसते. बुवा ओवीचा अर्थ सांगत असतात आणि मृदंगी खालून लग्ग्या पेरतच असतो. आवाजवाला माइकला इको लावतो. त्यावर आधीच घुमणारा मंडप. शब्द चेचले जातात आणि टाळ्या हाताच्या वेगाला पडतात. आमच्याकडं तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर उभी राहिली. तिला डावं अंगच नाही, तरी शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. हे मला ठाऊक होतं. हाताला ते पटत नव्हतं.

आता मी टाच टेकवायला शिकतोय. या वयात मनगट लवकर भरून येतं आणि जलद लयीत टाच उशिरा पडते. पोराची वेळेवर पडते, त्याचा हेवा वाटतो. मागच्या भिंतीला गोधड्या टांगा आणि फरशीवर जाड सतरंज्या अंथरा, असं मी विश्वस्तांना सांगितलं आहे. नव्या टाइल्स झाकायला कुणी राजी नाही. मी मात्र मागं लागणार. शब्द कळावेत म्हणून लागणार, आणि कापडात डावा फारसा जिरत नाही हे ठाऊक असूनही, भिंती मऊ झाल्या तर एखादा ‘धा’ पुन्हा मोकळा सोडता येईल, या लोभानंही लागणार.