‘हिंसक’ म्हणजे काय हो?

माझा भाचा अमेरिकेत वकिली करतो. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता त्याने विचारले, “मामा, हिंसक गुन्हा म्हणजे काय हो?”

चाळीस वर्षे तालुक्याच्या कोर्टात काढलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे आचाऱ्याला मिठाची चव विचारण्यासारखे! “डोके फोडले की हिंसा,” मी म्हणालो.

तो हसला. तिकडे १९८४ चा एक कायदा आहे. पूर्वी तीनदा हिंसक किंवा अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसाजवळ बंदूक सापडली, की किमान १५ वर्षे तुरुंग. इजेचा गंभीर धोका असलेले कृत्यही त्यात हिंसकच धरले होते. पण धोका कशात नाही? दारू पिऊन मोटार हाकणे हिंसक नव्हे, असे २००८ साली ठरले. पोलिसांना चुकवीत मोटार पळवणे हिंसक, असे २०११ साली! अखेर २०१५ साली, जॉन्सन खटल्यात, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते मोघम शब्दच रद्द केले.

“शहाणपणाचे झाले,” मी म्हणालो.

“थांबा. टेलर खटला, २०२२. लुटीचा प्रयत्न फसला; साथीदाराच्या गोळीने एकजण मेला. हिंसक गुन्ह्यात बंदूक वापरली म्हणून टेलरला १० वर्षे जादा मिळाली होती. ती रद्द झाली. कोर्ट म्हणाले, घडले काय ते पाहायचे नाही. गुन्हा शाबीत व्हायला काय लागते ते पाहायचे. लुटीचा प्रयत्न बळ वा धमकी न वापरताही शाबीत होऊ शकतो. लुटीची शिक्षा मात्र राहिलीच.”

ही करंज्यांचे ताट घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “माणूस मेला, आणि हिंसा नाही? त्याच्या आईला हे कोण सांगणार रे?”

भाचा गप्प झाला. मीही.

मला मात्र दुसरीच आई आठवली. माझ्या एका अशिलाच्या कागदांत ‘गुंड प्रवृत्तीचा’ असा शेरा होता. जामीन नामंजूर झाला. कोर्टाबाहेर त्याच्या आईने विचारले, “वकीलसाहेब, गुंड म्हणजे त्यानं केलं तरी काय?” हा प्रश्न कोर्टात मी विचारायला हवा होता. मला सुचलाच नव्हता.

हिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. पण त्या बाईच्या प्रश्नाला तिकडचे न्यायाधीश वर्षानुवर्षे उत्तर शोधीत बसले, याचे मला त्या रात्री फार बरे वाटले. आणि थोडी लाजही.