सटोडियाचे ग्रंथदान

दाता निष्कलंक असावा आणि त्याचा पैसा घामात भिजलेला असावा, अशी दानधर्माविषयी आपल्या समाजाची फार जुनी अपेक्षा आहे. परंतु मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरील विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी आले की या अपेक्षेला मुरड घालावी लागते, कारण ती देखणी वास्तू सट्ट्याच्या पैशावर उभी राहिली आहे.

तो पैसा देणारे प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. मुंबईस येऊन ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले, आणि तेथे पदरात पडलेले इंग्रजी हेच पुढे त्यांच्या दलालीचे भांडवल ठरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईत सोन्याचा धूर निघू लागला. बँका, पेढ्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना, जिचा म्हणून शेअर निघेल तिच्यामागे शहर धावत सुटले, आणि या धावाधावीत सर्वांच्या पुढे प्रेमचंद होते.

त्या ऐन धुंदीत, १८६४ साली, त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये सरकारकडे रुजू केले. पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, आणि त्या मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी इच्छा कळविली. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, म्हणजे त्यांचे शिक्षण आटोपल्यानंतरची. ज्या संस्थेच्या हजेरीपटावर आपले नाव कधी चढले नाही, तिच्या विद्यार्थ्यांसाठी एल्फिन्स्टनच्या या माजी विद्यार्थ्याने थैली सोडली.

पुढच्याच वर्षी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी सारा डोलारा जमीनदोस्त झाला. अपुऱ्या तारणावर सढळ हाताने कर्जे वाटणारी बँक ऑफ बाँबे बुडाली, प्रेमचंदांचे दिवाळे निघाले, आणि ज्यांनी कापसाचे बोंडही हाती धरले नव्हते अशी कित्येक घरे त्यात भुईसपाट झाली. त्या अनर्थातील प्रेमचंदांचा वाटा दानाच्या पुण्याईखाली झाकून टाकणे न्यायाला धरून होणार नाही.

इमारतीचे काम मात्र सरकारी चालीने, सावकाश पुढे सरकले. पायाभरणी १८६९ साली झाली. ज्याने मुंबईत कधी पाऊलही टाकले नाही त्या गिल्बर्ट स्कॉटने विलायतेत बसून नकाशे काढले. २८० फुटांचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि ग्रंथालय १८८० मध्ये उघडले. मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडविलेल्या, पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींच्या पाषाणमूर्ती ज्याच्या त्याच्या वेशात त्या उंचीवर उभ्या आहेत. खाली वाचनकक्षात रंगीत काचांतून आलेला तांबडा-निळा कवडसा उघड्या पानावर पडतो, आणि वाचणाऱ्याला पुस्तक बोटभर सरकवून घ्यावे लागते.

ज्या माणसाचे अवघे आयुष्य तासातासाच्या भावावर हेलकावे खात होते, त्याने जिचा बाजारात भावच निघत नाही अशी वस्तू मागे ठेवावी, यातील विरोधाभास मोठा मनोज्ञ आहे. कपाटातील ग्रंथ वर्षानुवर्षे कोणी न मागितला तरी त्याचे दिवाळे निघत नाही, आणि एखाद्या दिवशी एकाच वाचकाने तो मागितला तरी त्याचे जिणे सार्थकी लागते. दानाने दाता शुद्ध होतो की नाही, याचा निवाडा धर्मशास्त्राने करावा. मला एवढेच दिसते की, दिवाळ्यातून सावरून १९०६ पर्यंत जगलेल्या प्रेमचंदांनी त्या तेजीत जे राखू पाहिले ते गेले आणि जे देऊन टाकले ते राहिले. आणि त्या मंदीत ज्यांची घरे बुडाली त्यांच्या नातवंडांनाही तेथे बसून वाचण्यास कोणाच्या जामिनाची गरज पडली नाही. ती नुकसानभरपाई नव्हे. पण त्या काळाच्या खतावणीत जमेच्या बाजूस लिहिण्याजोगी रक्कम शोधू गेल्यास, हिच्याइतकी निर्वेध दुसरी सापडणे कठीण आहे.