बाई, तुम्ही गेलाय का गडावर?

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुमचे कान कसे टवकारले असतील, ते मला इथं बसून दिसतंय!

मी वाईजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. आमच्या वर्गाच्या खिडकीतून डोंगरांची लांबच लांब रांग दिसते. त्या रांगेत एक डोंगर डोक्यावर गोल टोपी घातल्यासारखा उठून दिसतो. तो केंजळगड. शिवाजी महाराजांनी हा गड एप्रिल १६७४ मध्ये जिंकून घेतला. म्हणजे राज्याभिषेकाच्या जेमतेम दीड महिना आधी!

हे मी मोठ्या रंगात येऊन सांगत होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, तुम्ही गेलाय का त्या गडावर?"

आणि मुलांनो, मी चक्क म्हणाले, "हो तर! गेलेय की!"

"मग वर काय काय आहे?"

नशीब माझं, तेवढ्यात घंटा झाली.

खरं सांगू? मी गडावर कधीच गेले नव्हते. इतकी वर्षं एसटीच्या खिडकीतून तो लांबून पाहिला होता, एवढंच. घरी आले, पण जेवण गोड लागेना. मुलांना रोज 'खरं बोला' म्हणून सांगायचं आणि आपण हे असं! शेवटी ठरवलं, की येत्या रविवारी जायचंच. म्हणजे खोटं बोललेलं खरं होईल. कशी आहे युक्ती?

माझ्याकडे एक जुनी सायकल आहे. गिअर नाहीत, पण ब्रेक पक्के. शनिवारी चाकांत हवा भरून घेतली, चेनला तेल दिलं आणि सीट थोडी उंच केली. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात, हेही लक्षात ठेवा. रविवारी झुंजुमुंजू होताच निघाले. ऑक्टोबर महिना होता. वाईच्या घाटावर कृष्णामाई शांत वाहत होती आणि ढोल्या गणपतीच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवत होतं.

ही वाई म्हणजे साधंसुधं गाव नव्हे बरं का! अफझलखान आदिलशहाचा इथला सुभेदार होता. १६५९ साली तो मोठी फौज घेऊन याच वाईत येऊन थांबला आणि इथूनच प्रतापगडाच्या पायथ्याला गेला. पुढचं तुम्हांला पाठच आहे.

वाईपासून थोड्याच अंतरावर मेणवली लागते. इथं नाना फडणविसांचा वाडा आहे आणि मागे नदीवर सुंदर दगडी घाट. घाटावरच्या देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर चक्क बाळाला घेतलेली मेरी कोरली आहे! मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथून ही घंटा आली. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा कृष्णेच्या काठी! मी सायकल टेकवून दोन मिनिटं बघत राहिले.

पुढे धोम. तिथल्या महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. जणू कासव त्याला घेऊन पाण्यात पोहतंय!

इथवर मी मजेत गाणं गुणगुणत आले होते. पण धोम धरणाच्या चढावर गाणं बंद झालं. पायडल जड झालं, दम लागला, शेवटी उतरून सायकल ढकलत नेली. एसटीतून हाच रस्ता मला सपाट वाटायचा! गाडीच्या खिडकीतून चढ कळतच नाही, सायकलवर तो पोटऱ्यांना कळतो. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नदी महाबळेश्वरहून खाली येत होती आणि मी तिच्या उलट, वर चालले होते. 'कृष्णा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते', हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल. पण ते पटलं त्या दिवशी, घाम पुसताना.

धरणाच्या वर आले आणि समोर निळंशार पाणी पसरलं. डावीकडे झाडीनं भरलेला कमळगड. उजवीकडे पुढे आमचा टोपीवाला केंजळगड. मागे वळून पाहिलं, तर वाईच्या बाजूला पांडवगड, आणि दूर धुरकट दिसणारा वैराटगड. मी पाण्याकाठी दगडावर बसले आणि शिदोरीतली चपाती-चटणी खाता खाता विचार करू लागले. एवढे गड इथं कशाला बांधले असतील?

उत्तर समोरच होतं. या खोऱ्यात यायचं तर नदीकाठच्या वाटेनंच यावं लागतं. दोन्ही बाजूंना डोंगर उभे! मी सकाळपासून ज्या रस्त्यानं आले, तो सगळा वरून दिसत असणार. त्या काळी कुणी गडावर पहाऱ्यावर असता, तर एक बाई सायकलवर धापा टाकत येतेय, हे त्याला केव्हाच कळलं असतं!

आणि ती गडाची गोल टोपी? ती निसर्गानंच घडवली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. अर्धी तटबंदी डोंगरानं दिली, उरलेली माणसानं बांधली.

खावली गावात पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. ऑक्टोबरचंच ऊन ते! एका अंगणात आजी भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एकलीच निघालीस व्हय, बाय? पाणी किती हाय तुझ्याजवळ?"

मी बाटली दाखवली. अर्धीच उरली होती.

"मग आज न्हाई जायचं. वाटंवर गवत माजलंय छातीएवढं. वाट चुकलीस तर सांगायचं कुणाला? गड कुठं पळून जात न्हाई."

मी गडाकडे पाहिलं. किती जवळ वाटत होता! जावं का तसंच? दोन क्षण फार मोह झाला. पण आजींचं खरं होतं. त्यांनी दिलेलं तांब्याभर पाणी प्यायले, ओंजळभर शेंगा खाल्ल्या आणि सायकल वळवली. उतारावर वारा तोंडावर येत होता, पण मन काही हलकं होईना. खोटं अजून खोटंच राहिलं होतं.

सोमवारी हजेरी झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं. "मुलांनो, मी तुमच्याशी खोटं बोलले. मी केंजळगडावर गेलेले नाही. काल गेले होते, पण पायथ्यावरूनच परत आले." आणि मग घंटा, नंदी, चढ, अर्धी बाटली, आजी, सगळं सांगितलं.

वर्गात अगदी शांतता. मला वाटलं, आता ही मुलं आपल्यावर कधी विश्वास ठेवणार नाहीत. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा तो हात पुन्हा वर झाला. मुलगी उभी राहिली. मान खाली.

"बाई, मीपण नाही गेले. सगळ्यांना सांगत होते, गेलेय म्हणून."

मग काय! हसू फुटलं ते आवरेना. तिला, मला आणि सगळ्या वर्गालाच!

डिसेंबरात, गवत वाळल्यावर, आम्ही सगळे गेलो. पालक बरोबर होते, पाणी भरपूर होतं आणि वाट दाखवायला गावातले एक काका. वर जाताना कातळात खोदलेल्या उंच उंच पायऱ्या लागतात. सगळ्यांनी त्या मोठ्यानं मोजल्या. कुणाच्या बावन्न झाल्या, कुणाच्या चोपन्न, एकाच्या तर साठ!

"बाई, बरोबर कुणाचं?" मुलांनी विचारलं.

मी मोजता मोजता मधेच चुकले होते. पण या वेळी मात्र मी लगेच म्हणाले, "मला नाही माहीत. चला, उतरताना पुन्हा मोजू!"