अनर्थदंड आणि घरातला राउटर



अनर्थदंडव्रत म्हटलं की आपल्याला वाहता नळ, उगीच तोडलेलं पान, रिकाम्या खोलीतला चालू पंखा आठवतो. मला अलीकडे हे व्रत आठवतं ते आमच्या राउटरकडे पाहून.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, अग्नी अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. आपण स्वतः काही केलं नसलं, तरी साधन आपलं असतं.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला, तर तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या इंटरनेटवरून गेलेला निघाला. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचं वायफाय सुरक्षित नव्हतं. चौकशी मात्र त्यांच्याच दारात आली. पोलीस शोधतात तेव्हा त्यांना आधी जोडणीचा पत्ता सापडतो, माणूस नाही.

आपल्या सीताबर्डीत तर भिंतीला भिंत लागून घरं आणि खाली दुकानं. माझ्या फोनवर शेजारची आठ-नऊ वायफायची नावं दिसतात, म्हणजे आमचंही त्यांना दिसतं. आणि कितीतरी घरांत पासवर्ड असतो आपलाच मोबाइल नंबर, जो दूधवाल्यापासून सर्वांना पाठ!

म्हणून चार कामं करून घ्या. पासवर्ड लांब आणि न ओळखता येणारा ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा असतो. कंपनीकडून आलेला तसाच राहू देऊ नका. सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. आणि राउटरचं सॉफ्टवेअर अधूनमधून अपडेट करा. मुलगा किंवा सून पंधरा मिनिटांत करून देईल.

समोरच्या घरी भाड्यानं राहणारा विद्यार्थी एकदा म्हणाला, "काकू, पासवर्ड द्या ना, फॉर्म भरायचा आहे." शेजारधर्म आहे, नाही कसं म्हणणार? पण मुख्य पासवर्ड दिला नाही. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करता येतं, ते दिलं. त्याचा फॉर्म भरून झाल्यावर बंद केलं. त्याला वाईट वाटलं नाही, मलाही घोर राहिला नाही.

आता खेळाकडे येते. नातवाचा हट्ट होता, "आजी, गेम अडकतो, मोठा प्लॅन घे." मी बी.कॉम. झालेली, आधी हिशेब मागितला. खेळताना डेटा फार लागतच नाही, तासाला साधारण शंभर एमबीच्या आसपास. उलट एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो. खेळाला हवा असतो संदेश पोहोचण्याचा कमी वेळ. मुलं त्याला पिंग म्हणतात. जाड भिंतींपलीकडच्या खोलीत वायफाय कमजोर पडतं, किंवा त्याच वेळी कोणी मोठी फाइल पाठवत असतं, म्हणून गेम अडकतो. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल ओढली आणि काम झालं. मोठा प्लॅन घ्यावा लागला नाही.

पण खरा खर्च तर तासांचा आहे. कारण नसताना प्रवृत्ती करत राहणं याला शास्त्रात प्रमादचर्या म्हटलं आहे, तोही अनर्थदंडच. आमच्या राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाची वेळ ठरवता येते. रात्री नऊनंतर नातवाचं बंद. ही वेळ त्यानं स्वतः सुचवली, म्हणून टिकली. लादलेला नियम मुलं मोडतात, घेतलेला नियम पाळतात, हे पाठशाळेत आपण पाहतोच.

एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाही: पैसे लावून खेळायचे गेम. सप्तव्यसनांत जुगाराचं नाव पहिलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनंही कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तरी मुलांच्या फोनवर जाहिराती येऊ शकतात, म्हणून यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका.

दाराला कुलूप लावताना आपल्याला कोणावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटत नाही. राउटरचंही तसंच समजा. येत्या पर्युषणात घर आवरताना हेही एक काम यादीत घाला.