गंगटोक ते कोलकाता : चीजच्या वाटेनं

मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं गंगटोक-दार्जिलिंगच्या सहलीला निघतात. येताना चहा येतो, शाली येतात. पण मैत्रिणींनो, यंदा जाणार असाल, तर त्या वाटेवरचं चीजही जरूर पाहा. चीज म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे चंदेरी कागदातले चौकोन येतात. ते उष्णता देऊन पक्कं केलेलं, म्हणून बंद पाकिटात बरेच दिवस टिकतं. इकडच्या प्रत्येक चीजचा स्वभाव मात्र निराळा. ते किती टिकेल हे ओळखायची खूण एकच : त्यात पाणी किती उरलंय?

गंगटोकच्या लाल बाजारात दोऱ्यात ओवलेले तपकिरी तुकडे दिसतील. ही छुर्पी. ताक उकळून निघालेला चोथा दाबायचा, वाळवायचा, धुरावर धरायचा. पहाडातली माणसं एक तुकडा गालात धरून तास-तास चघळतात. हिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून फ्रीजही नको. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन् महिने राहते. फक्त पावसाळ्यात बरणीत ओला हात घालू नका. आणि लहान मुलांना देऊ नका हं, घशात अडकायची भीती!

तिथंच पांढरी, मऊ छुर्पीही मिळते. निंग्रो नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांबरोबर तिची भाजी करतात. ही ओलसर, फ्रीजमध्येसुद्धा तीन-चार दिवसांचीच सोबतीण. तेव्हा ती तिथंच खाऊन घ्यावी, घरी आणायचा मोह नको.

पुढे तिस्तेच्या खोऱ्यातून कालिम्पाँगला या. एका स्विस धर्मगुरूंनी विसाव्या शतकात इथं दुग्धशाळा काढली. ती पुढे बंद पडली, पण चीज गावात टिकलं. किंचित आंबूस, भुसभुशीत, वर साल असलेली त्याची चाकं मिळतात. याला थोडी हवा हवी नि थोडा ओलावाही. म्हणून प्लॅस्टिकमध्ये आवळून ठेवू नये, आतल्या आत घाम सुटतो. बटर पेपरमध्ये गुंडाळावं, डब्यात ठेवावं नि डबा फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. कांदा-लसूण जवळ नको, वास लगेच धरतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवलंत तर भुगा होईल.

शेवटचा मुक्काम कोलकाता. 1874 साली सुरू झालेल्या न्यू मार्केटात बँडेल चीजच्या छोट्या चकत्या विकतात. एक साधी, एक धुरी दिलेली. पोर्तुगीजांनी हुगळीकाठी वस्ती केली, त्या काळाशी या चीजचं नातं सांगतात. ते चांगलंच खारट असतं. मीठ हाच त्याचा राखणदार. म्हणून घरी आणल्यावर फ्रीजमध्ये कोरडंच ठेवा. उद्या लागेल तेवढीच चकती आज रात्री पाण्यात भिजत घाला, खारटपणा उतरतो. भिजवलेली मात्र एक-दोन दिवसांत संपवायची.

आता बुरशीचं. कालिम्पाँगसारख्या घट्ट चीजवर ठिपका दिसला, तर त्याच्या भोवतालचा नि खालचा इंचभर भाग कापून टाका. सुरी बुरशीला लागू देऊ नका. मऊ चीजवर दिसली, तर कितीही जीव तुटला तरी सगळं फेका, कारण बुरशी आतवर गेलेली असते. घरात दिवस गेलेली सून-लेक असेल, तर कच्च्या दुधाचं मऊ चीज तिला मुळीच देऊ नये.

आणि खरेदी? ती निघायच्या दिवशीच करावी. कागदात गुंडाळून, वर सुती फडकं बांधून हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हाच्या खिडकीपासून दूर. घरी पोचल्यावर कपड्यांच्या बॅगा राहू द्यात. आधी चीजची व्यवस्था लावा!