बारामती ते इंदापूर : आभाराची वाट

११ एप्रिल हा महात्मा फुले यांचा जन्मदिवस. जगभर हाच दिवस पार्किन्सन दिन म्हणूनही पाळतात, कारण १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन लिहिणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचाही जन्म याच तारखेचा. २०२५ साली या दिवशी आम्ही सातजण बारामतीहून इंदापूरला सायकलने गेलो. हेतू एवढाच, की आसपासच्या गरजू कंपवात रुग्णांच्या औषधासाठी चार पैसे जमावेत. वस्तीतील कुणी किलोमीटरमागे एक रुपया, कुणी दोन रुपये कबूल केले होते.

निमित्त आमचे अण्णा. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सायकलवर फिरण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या नोंदवहीतले अक्षर मुंगीएवढे होऊ लागले. आम्ही त्यांची थट्टा केली. पुढे उजवा हात थरथरू लागला, चेहरा हसेनासा झाला, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटू लागले. मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी घटल्या की असे होते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. त्याआधीच एका एस.टी. थांब्यावर कुणीतरी म्हणाले होते, "म्हातारा प्यायलाय." ज्या माणसाने जन्मात थेंब घेतला नाही, त्याने त्या दिवसापासून घराबाहेर पडणे सोडले. दोन वर्षे ना लग्नाला, ना जयंतीला.

यंदा मात्र ते आले. टेम्पोत बसून, सोबत आपली जुनी सायकल घेऊन. टेम्पोवाल्या भावाने डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

पहाटेच निघालो. काटेवाडी मागे पडली, भवानीनगरचा साखर कारखाना आला. सणसरला सात वाजले. ही अण्णांच्या गोळीची वेळ. या आजारात गोळी वेळेवर पडली नाही तर शरीर जागच्या जागी अडते. एका माउलीने न सांगता पाण्याचा तांब्या आणला आणि गोळी गिळून होईपर्यंत तो हातात धरून उभी राहिली. बेलवाडीला, जिथे तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते, तिथे एक सायकल पंक्चर झाली. दुकानदाराने कागदावरचा आमचा मजकूर वाचला आणि पैसे परत केले. लासुर्णे येथे चहावाल्याने अण्णांना उंच पेल्यात अर्धाच चहा दिला. आम्ही पाहतच राहिलो. तो म्हणाला, "आमच्या आईला हेच होतं. भरून दिला की सांडतो, आणि सांडला की माणूस लाजतो."

अंथुर्णे ओलांडल्यावर आम्ही मुख्य रस्ता सोडला. आतल्या मोकळ्या वाटेवर अण्णा म्हणाले, "आता मला द्या." डॉक्टरांना आधी विचारले होते. दोन्ही बाजूंना आमच्यातले एकेकजण धावत होते. टेम्पोतून उतरताना ज्यांचे पाऊल उचलत नव्हते, ते अण्णा सायकलवर बसले आणि सरळ चालवू लागले. जगाला हे नवे नाही. २०१० साली नेदरलँड्सचे डॉक्टर बास ब्लूम यांनी अशाच एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती, सायकल मात्र बिनचूक चालवता येत होती. तरी प्रत्येक रुग्णाने हे करून पाहू नये. तोल कुणाचा कसा आहे हे डॉक्टरच सांगतील. अण्णांनी एक किलोमीटर चालवली, मग स्वतःच थांबले.

निमगाव केतकीचे पानमळे ओलांडून इंदापुरात पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. ज्या घरी जेवण होते, त्या दारात अण्णांचे पाय पुन्हा अडले. सगळे गप्प झाले. तेवढ्यात घरातली शाळकरी मुलगी खडू घेऊन आली. तिने उंबऱ्याअलीकडे फरशीवर चार आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाली, "आजोबा, एकेक रेघ ओलांडा." अण्णा ओलांडत आत गेले. तिच्या आजोबांसाठी ती रोज अशा रेघा काढत असे.

वाचकहो, जमलेल्या पैशांचा हिशेब वस्तीच्या फळ्यावर लावला आहे. पण तांब्या, अर्धा पेला आणि खडूच्या रेघा यांचा हिशेब कुठे लावावा? वाटेत किमान चार घरांत "आमच्याकडेही आहे" असे ऐकले. तोवर ती घरेही आमच्यासारखीच गप्प होती. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरची माणसे एकत्र जमतात. ते लांब पडत असेल तर शेजारच्या घरी जाऊन बसा. कुणाचा हात थरथरताना दिसला तर आधी विचारपूस करा.

टेम्पोवाले भाऊ, सणसरची माउली, पंक्चरवाले, चहावाले आणि इंदापूरची ती छोटी ताई, आम्ही तुम्हा सर्वांचे ऋणी आहोत. ही यादी अण्णांनी स्वतः लिहून दिली. अक्षर बारीक आहे, पण वाचता येते.